टवका

मे महिन्यात भुसावळात
दाराच्या कडीलाही फडकं घेऊन हात लावतात.
अशा दिवसांत आमच्या परमिट रूममध्ये
अकरा वर्षं मी ग्लास धुतोय.

बोटांना शेवभाजीची तर्री असते.
तेलाचा एवढासा ठिपका काठावर राहिला
तरी फेस खाली बसतो
मानपानावरून रुसलेल्या मामासारखा,
मग उठतच नाही.

नामदार तडवीनं शिकवलं :
मिठानं घास, फडक्यानं पुसू नको,
पालथा घाल, पण जाळीवर.
बर्फात गाडू नको, जीभ बधिर होते,
नुसता गार पाण्यातून काढ.
ओतताना तिरपा धर,
शेवटची चार बोटं राहिली की सरळ.
नामदार स्वतः पीत नाही.
ट्यूबलाइटसमोर धरून बघतो फक्त.
बुडबुडे भिंतीला चिकटून बसले
की ग्लास परत मोरीत.

घरी बाबा.
तेहतीस वर्षं मालगाडीचे गार्ड.
पगाराच्या रात्री, नंतर पेन्शनच्या रात्री,
गच्चीवर स्टीलचा पेला.
त्यावर कोरलंय : टोपलू सुपडू झोपे, भालोद, यांजकडून.
आईच्या लग्नातला आहेर.
शेजारच्या बोंडेकाकूंना वाटायचं, ताक.
मिशीवरचा फेसही ताकाचाच.
आई शेंगदाणे भाजून वर पाठवायची
आणि ताटली न्यायला कधी वर यायची नाही.

यंदा एक उंच ग्लास निकामी निघाला.
कुणीतरी बर्फाचा टोच्या आत मारलेला,
तळाशी आतून टवका, तिळाएवढा.
मालक म्हणाला, फेक.
मी बनियनमध्ये गुंडाळून घरी आणला,
मिठानं घासला,
गच्चीवरच्या बल्बखाली ओतली.
तिरपी. मग सरळ.

बाबांनी लगेच हातात घेतला नाही.
चष्मा पुसला.
"पिवयी अस्ते व्हय रे हे?"

तेहतीस आणि वर सात वर्षं
पिणाऱ्या माणसाचा हा प्रश्न.

मग कुठल्याशा रात्रीचं सांगत बसले,
निंभोऱ्याच्या अलीकडे दीड तास गाडी उभी,
दोन्ही बाजूंना केळी, लांब एक पिवळा दिवा.
"अस्साच व्हता," म्हणाले. "पन तो हालत नव्हता."

पहिला घोट सदऱ्यावर गेला.
ओठ पेल्याचा जाड, वळवलेला काठ शोधत होते,
काच तिथे नव्हतीच, अलीकडे संपली होती.
दुसरा घोट जपून.
नाक आत गेलं, तसे थांबले.
"दादर भिजू घातल्यावानी वास येते भो."
दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी.
पेल्यात इतकी वर्षं
त्यांना फक्त पेल्याचा वास आला होता.

तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवर बोंडेकाकू,
वाळत घातलेले पापड उचलायला.
बल्बखाली उंच, पिवळा, उघडा ग्लास,
लपवायला पदर नाही, पत्रा नाही.
बाबांचा हात पेल्याकडे गेला
आणि अर्ध्यात राहिला.
"ताक संपलं वाटतं, फेगडेभाऊ?"
काकू म्हणाल्या, आणि पापड मोजत खाली गेल्या.
जिन्यातून हसू ऐकू आलं.
आमच्या जिन्यातूनही.

आता पेन्शनच्या रात्री बाबा दोन्ही वर नेतात.
पेल्यात बरीचशी, कारण हातात धरायला
तेच वजन लागतं त्यांना.
काचेत थोडी. ती बघायला.
कोमट होऊन जाते, तरी शेवटी पितात.

तळापासून बुडबुड्यांची एक रेघ निघते,
सरळ, रुळासारखी, न तुटता वर जाणारी.
बाबा ती नामदारसारखी उजेडात धरतात,
म्हणतात, भारीतली काच दिसते ही.
मी हो म्हणतो.
ती रेघ टवक्यातूनच सुटते,
हे अजून सांगितलेलं नाही.